सरड्याची धाव आणि आपले कुंपण



सरड्याविषयी आपल्या बोलण्यात चांगला शब्द क्वचितच येतो. कोणी पक्ष बदलला की आपण म्हणतो, सरड्यासारखा रंग बदलला. कोणाची मजल फार लांब जाणार नाही असे वाटले की म्हणतो, सरड्याची धाव कुंपणापर्यंत. बांधावर सरडा दिसला की पोरांचा हात आपोआप दगडाकडे जातो आणि मोठी माणसेही त्यांना सहसा हटकत नाहीत. गाय दूध देते, बैल औत ओढतो, कुत्रे राखण करते, कोंबडी अंडे देते. सरडा आपल्याला काय देतो? काहीच नाही. म्हणून आपल्या हिशेबात त्याला जागाही नाही.

अशा प्राण्याविषयी रविवारच्या या पानावर लिहावे, असे काय आहे? कारण असे की सातारा जिल्ह्यातल्या एका डोंगरमाथ्यावरच्या सरड्याने एक अवघड नैतिक प्रश्न आपल्यापुढे ठेवला आहे. चांगल्या हेतूने, चांगल्या कामासाठी आपण काही केले. त्यातून कोणाचे तरी नुकसान झाले. ते आपल्याला दिसले नाही, कारण आपण तिकडे पाहिलेच नाही. अशा नुकसानीची जबाबदारी आपल्यावर येते का? हा प्रश्न सरड्यापुरता नाही. तो घरात, शेतात, ग्रामपंचायतीत आणि देवळातही येतो. पण सरड्याच्या निमित्ताने तो नीट समजून घेता येतो.

सड्यावरचा देखणा रहिवासी

सह्याद्रीच्या माथ्यावर जांभ्या दगडाची सपाट, उघडी पठारे आहेत. तिकडचे लोक त्यांना सडा म्हणतात. झाड जवळजवळ नाही. माती बोटभर, कुठे तीही नाही. पावसाळ्यात धो धो पाऊस, धुके आणि वारा. उन्हाळ्यात दगड तव्यासारखा तापतो. श्रावण-भाद्रपदात याच दगडावर इवल्याइवल्या फुलांचे गालिचे पसरतात. साताऱ्याजवळचे कासचे पठार त्यासाठी प्रसिद्ध आहे आणि 2012 साली पश्चिम घाटातल्या इतर स्थळांबरोबर त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. युरोपात आल्प्सच्या उंच कुरणांना जे स्थान आहे, तेच आपल्याकडे या सड्यांना द्यावे लागेल. बर्फ सोडला तर बाकी कठीणपणा तसाच आहे.

कासच्या दक्षिणेला, ठोसेघरच्या धबधब्याच्या वरच्या अंगाला, चाळकेवाडीचे पठार आहे. समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच. या पठारावर एक सरडा राहतो. शेपटी सोडली तर जेमतेम बोटाएवढा, अंग मातकट. पण पावसाळ्यापूर्वीच्या दिवसांत नर एखाद्या दगडावर चढून बसतो आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडतो. त्या पंख्यावर निळा, काळा आणि नारिंगी असे तीन रंग उन्हात चमकतात. मादीला बोलावण्यासाठी आणि दुसऱ्या नराला दूर ठेवण्यासाठी त्याचा हा खटाटोप असतो. आपण सरड्याला लपूनछपून रंग बदलणारा म्हणतो. हा तर आपले रंग भर उन्हात, दगडावर उभा राहून दाखवतो, मग वरून कोणी झडप घातली तरी चालेल.

2016 साली शास्त्रज्ञांनी या सरड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. त्याआधी आपल्या देशातल्या अशा पंखेवाल्या सरड्यांना एकाच कुळात धरले जाई. नीट अभ्यास केल्यावर त्यांतले तीन सरडे वेगळ्याच कुळातले निघाले. त्या नव्या कुळाला नाव काय द्यावे? त्यांनी आपला मराठी शब्दच उचलला आणि कुळाचे नाव ठेवले 'सरडा'. त्यातल्या एका जातीला चार्ल्स डार्विनचे नाव आहे, दुसरीला दख्खनचे, आणि चाळकेवाडीच्या या जातीचे पूर्ण नाव आहे 'सरडा सुपर्बा'. लॅटिन भाषेत सुपर्बा म्हणजे रुबाबदार, अभिमानी. ज्या शब्दाने आपण एकमेकांना नावे ठेवतो, तोच शब्द आता जगभरच्या विज्ञानाच्या पुस्तकांत मानाने बसला आहे.

वारा, पाती आणि सरडा

चाळकेवाडीला वारा भरपूर. म्हणून तिथे पवनचक्क्या उभ्या राहिल्या. कोळसा जाळायचा नाही, धूर नाही, राख नाही, फुकटच्या वाऱ्यावर वीज. यात वाईट काय असणार? खरोखरच या कामात वाईट हेतू कोणाचा नव्हता. सरड्याला मारायला कोणी गेले नव्हते.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या डॉ. मारिया ठाकर आणि त्यांचे सहकारी अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी याच पठारावर अभ्यास केला. एकाच पठारावरच्या दोन प्रकारच्या जागा त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या: पवनचक्क्या असलेल्या आणि नसलेल्या. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर त्यांची चर्चा झाली.

त्यांना पहिली गोष्ट अशी आढळली की जिथे पवनचक्क्या नाहीत तिथे तिसा, कापशी यांसारखे शिकारी पक्षी जवळजवळ चौपट होते. पवनचक्क्यांच्या जागेवर ते फिरकेनासे झाले होते, म्हणून जमिनीवरच्या प्राण्यांवर त्यांच्या झडपाही कमी पडत होत्या. साहजिकच सरड्यांची संख्या तिथे वाढली होती. इथवर ऐकून कोणी म्हणेल, बरे झाले की! सरड्याचे शत्रू गेले, सरडे वाढले.

पण पुढचे ऐका. पवनचक्क्यांखालच्या सरड्यांच्या रक्तात ताणाचे द्रव्य कमी होते. माणूस अगदी जवळ जाईपर्यंत ते पळत नव्हते. त्यांची भीतीच मेली होती. शिवाय ते अंगाने बारीक होते, कारण तेवढ्याच किड्यामुंग्यांवर आता जास्त तोंडे जगत होती. आणि नरांच्या गळ्यावरचे ते रंग फिके पडले होते. संशोधकांनी म्हटले की पवनचक्क्या तिथे अन्नसाखळीच्या अगदी टोकाला बसलेल्या शिकाऱ्यासारखे काम करत आहेत. पाती सरड्याला शिवलीही नव्हती. तरी सरड्याचे वागणे, अंग आणि रंग, सगळे बदलले होते.

नुकसान झाले, असे म्हणायचे का?

इथे नैतिक प्रश्न सुरू होतो. मेलेल्या सरड्यांचा खच पडला असता तर प्रश्न सोपा होता. इथे सरडे मेले नाहीत, वाढले. निर्भय झाले. नुसते डोके मोजणाऱ्याला ही प्रगतीच वाटेल. मग नुकसान कोणाचे झाले?

एक उत्तर असे की जे पक्षी तिथून गेले त्यांचे झाले. ते खरेच आहे. दुसरे उत्तर जरा खोल आहे. प्रत्येक जिवाची आपली अशी एक जगण्याची रीत असते. या सरड्याची रीत म्हणजे सावध असणे, चपळ असणे, धोका पत्करून दगडावर उभे राहणे आणि आपले रंग दाखवणे. ती रीत हळूहळू सुटत गेली तर प्राणी जिवंत असूनही कमी होतो. संख्या भरली, पण सत्त्व उतरले. माणसांच्या बाबतीत आपल्याला हे चटकन कळते. एखादे पोर वेळेवर जेवते, गप्प बसते, कोणाला त्रास देत नाही, पण हसणे विसरले आहे, असे दिसले तर त्याच्या आईचा जीव खालीवर होतो. पोर जिवंत आहे ना, मग झाले, असे ती म्हणत नाही.

मोजता येणाऱ्या एका आकड्यावर समाधान मानणे ही आपल्या काळाची सवयच झाली आहे. म्हणून चाळकेवाडीच्या संशोधकांचे आपण आभार मानले पाहिजेत. त्यांनी संख्या पाहिलीच, पण तिच्यापुढे जाऊन अंग पाहिले, रक्त पाहिले, रंग पाहिले.

आधी माणूस, मग सरडा?

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. कोणी शेतकरी बंधू हे वाचून म्हणेल, "फादर लोकांना आणि शास्त्रज्ञांना सरड्याची चिंता परवडते. आमच्याकडे प्यायला पाणी नाही, मुलांच्या फीला पैसे नाहीत. माळावरच्या खडकाळ जमिनीत काही पिकत नाही. तिथे पवनचक्की आली आणि चार पैसे मिळाले तर तुमचा सरडा मधे कशाला?"

हा आक्षेप हलका समजू नये. आपला जिल्हा दुष्काळाचा. 2018 साली केंद्र सरकारने देशातल्या मागे पडलेल्या जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातल्या मोजक्या नावांत त्या वेळचे उस्मानाबाद होते. शेजारच्या लातूरला 2016 साली रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण पाहिले. परळीचे औष्णिक वीज केंद्र 2013 साली पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. कोळशाच्या विजेला पाणी लागते आणि पवनचक्कीला ते लागत नाही. तेव्हा मराठवाड्याने पवनचक्कीला नको म्हणावे, असे कोणी शहाणा माणूस सांगणार नाही.

ख्रिस्तसभेची शिकवणही इथे एकांगी नाही. कॅथोलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात प्राण्यांविषयी दोन गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत. प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. आणि माणसांचे दुःख दूर करण्यासाठी जो पैसा आधी लागायला हवा तो प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही. प्रभू येशूनेही बाजारात कवडीमोलाने विकल्या जाणाऱ्या चिमण्यांचे उदाहरण देऊन शिष्यांना धीर दिला, की तुम्ही चिमण्यांपेक्षा अधिक मोलाचे आहात. माणसाचे मोल अधिक, यात शंका नाही. पण 'अधिक' या शब्दाचा अर्थ नीट पाहा. चिमणीचे मोल शून्य असते तर तिच्याशी तुलना करून शिष्यांना काय धीर मिळाला असता? बाजाराने तिला कवडीमोल ठरवले, तरी ती पित्याच्या नजरेतून सुटत नाही, हेच तर येशूने आधी सांगितले.

आणखी एक गोष्ट. पवनचक्की नको म्हटली तर सरडा वाचतो, असेही नाही. मेक्सिकोत शास्त्रज्ञांनी 200 ठिकाणचे सरडे पुन्हा जाऊन शोधले, तेव्हा 1975 पासूनच्या काळात 12 टक्के ठिकाणांहून ते नाहीसे झालेले आढळले. हा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. कारण होते वाढती उष्णता. ऊन फार झाले की सरडा सावलीत जाऊन बसतो. सावलीत बसला तर भक्ष्य मिळवायला वेळ उरत नाही आणि अंडी धरण्याच्या दिवसांत मादीच्या अंगात बळ भरत नाही. डोंगरमाथ्यावरच्या जिवांचे तर आणखी कठीण, कारण गारव्यासाठी आणखी वर जावे तर वर डोंगरच संपलेला असतो. म्हणजे कोळशाचा धूर सरड्याला एका बाजूने मारतो आणि तो धूर कमी करणारी पवनचक्की त्याला दुसऱ्या बाजूने फिके करते. चांगले आणि वाईट असे एकाच खांबावर फिरत असताना करायचे काय?

दुहेरी परिणामाचे तत्त्व

अशा पेचासाठी आपल्या ख्रिस्ती नीतिशास्त्रात एक जुने तत्त्व आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षणाचा विचार करताना त्याचा पाया घातला आणि नंतरच्या पंडितांनी ते विस्ताराने मांडले. त्याला दुहेरी परिणामाचे तत्त्व म्हणतात. एका कृतीतून एक चांगला आणि एक वाईट परिणाम निघत असेल, तर ती कृती केव्हा करावी? चार गोष्टी पाहाव्यात. कृती मुळात वाईट नसावी. हेतू चांगल्या परिणामाचा असावा. वाईट परिणाम हा चांगल्याकडे जाण्याची शिडी नसावा. आणि होणारे भले होणाऱ्या नुकसानीच्या मानाने तेवढे मोठे असावे.

पवनचक्कीला हे लावून पाहा. वीज निर्माण करणे मुळात वाईट नाही. हेतू चांगला आहे. सरडा फिका पडल्यामुळे वीज मिळते असेही नाही. उरली चौथी अट. भले मोठे की नुकसान मोठे? इथेच आपण अडखळतो, कारण तोलायचे तर तराजूच्या दोन्ही पारड्यांत काही ठेवावे लागते. आपण एका पारड्यात किती युनिट वीज, किती भाडे, किती रोजगार हे मोजून ठेवतो. दुसरे पारडे रिकामेच असते. मग तराजू आपल्या बाजूने झुकला याचे आपण समाधान मानतो! तो झुकणारच होता.

हे तत्त्व परवानगी देते, पण ज्याने दुसऱ्या पारड्याकडे पाहिले आहे त्यालाच देते. न पाहणाऱ्याला ते काहीच देत नाही.

आपल्या ओळखीचे एक उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याने खोल बोअर मारला. पाणी लागले, घरात पेढे वाटले. दोन महिन्यांत शेजारच्या म्हाताऱ्या बाईची विहीर आटली. तिची विहीर आटावी अशी त्याची इच्छा नव्हती. बोअर मारणे पाप नाही. त्याच्या लेकरांना पाणी हवेच होते. तरीसुद्धा आपण त्याला एक प्रश्न विचारतोच: बाबा रे, मशीन लावण्यापूर्वी तिच्या विहिरीकडे एकदा पाहिले होतेस का? पाहिले असते तर बोअर दुसऱ्या कोपऱ्यात घेता आला असता, निदान तिला दोन घागरी देण्याची तयारी ठेवता आली असती. कदाचित सगळे पाहूनही बोअर तिथेच घ्यावा लागला असता. पण डोळे उघडे ठेवून घेतलेला निर्णय आणि डोळे मिटून घेतलेला निर्णय यांत नीतीच्या दृष्टीने फार मोठे अंतर आहे, मग दोघांचा परिणाम एकच का असेना.

त्या बाईला तोंड आहे. ती उद्या दारात येऊन उभी राहील, पंचायतीत जाईल. सरडा कुठे जाईल? ज्याला तक्रार करता येत नाही, त्याच्या वतीने पाहण्याची जबाबदारी आपल्यावर जास्त येते, कमी नव्हे.

पोटखराबातला देव

सरड्याला या तराजूत वजन तरी का द्यावे, असे अजूनही कोणी विचारेल. पवित्र शास्त्र सरड्या-पालींविषयी दोन ठिकाणी बोलते. लेवीयच्या 11व्या अध्यायात त्यांची नावे अशुद्ध प्राण्यांत येतात. नीतिसूत्रांच्या 30व्या अध्यायात मात्र जगातल्या चार लहान पण शहाण्या जिवांमध्ये पालीला स्थान आहे. हातात मावेल एवढी, तरी राजवाड्यात तिचा वावर. जे आपल्या ताटाला चालत नाही, ते देवाच्या घरात टाकाऊ ठरत नाही, असा दोन्हींचा मेळ लावता येईल. उत्पत्तीच्या पुस्तकातही जमिनीवरचे सरपटणारे जीव निर्माण करून देवाने ते चांगले असल्याचे पाहिले, ते माणूस घडवण्याच्या आधी. त्यांच्या चांगुलपणाला आपल्या प्रमाणपत्राची वाट पाहावी लागली नाही.

संत थॉमस म्हणतात की देवाचा चांगुलपणा इतका मोठा आहे की तो कोण्या एका जिवात मावत नाही. म्हणून त्याने पुष्कळ आणि वेगवेगळे जीव केले. एकात जे उणे ते दुसऱ्याने भरून काढावे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हाच विचार पुढे नेला. इतर जीव केवळ आपल्या उपयोगासाठी नाहीत, त्यांना स्वतःचे मोल आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्याच पत्रात गरिबांचा आक्रोश आणि धरतीचा आक्रोश त्यांनी एकत्र ऐकायला सांगितला.

हे आपल्या मराठी मातीत जगून दाखवणारे एक नाव आपल्या शहराशी जोडलेले आहे. 2020 च्या जानेवारीत इथे 93वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. साहित्यिक म्हणून ते मोठे होतेच, पण वसईची हिरवाई आणि पाणी वाचवण्यासाठी 'हरित वसई'च्या चळवळीत ते लोकांबरोबर रस्त्यावर उतरले होते. 2024 साली ते देवाघरी गेले. जमीन आणि तिच्यावरचा माणूस यांची काळजी वेगवेगळी करता येत नाही, ही त्यांची शिकवण आपल्यालाही उपयोगी आहे.

कारण आता आपल्या बालाघाटाच्या माळांवरही पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. चाळकेवाडीचा सडा आणि आपला माळ सारखे नाहीत. तिथे जांभा, इथे काळा खडक. तिथे पाऊस, इथे दुष्काळ. पण एका बाबतीत दोघांचे नशीब सारखे: दोघांनाही लोक ओसाड म्हणतात. आपल्या सातबाऱ्यावर एक शब्द असतो, पोटखराब. ज्या तुकड्यात पीक घेता येत नाही तो पोटखराब. तलाठ्याच्या कामासाठी शब्द बरोबर आहे. पण आपण तो मनात धरून बसतो आणि त्या तुकड्यात काहीच नाही असे समजतो. त्या तुकड्यात सरडा आहे, तित्तर आहे, ससा आहे, त्यांच्यावर जगणारा लांडगा आहे, मेंढपाळाच्या मेंढरांचे गवत आहे. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या माळावर माळढोक दिसावा म्हणून दुरून लोक येत. आता तो पक्षी जवळजवळ गेल्यातच जमा आहे. त्याचा माळही ओसाडच म्हणवला जात असे.

2024 च्या डिसेंबरात यवतमाळकडून चालत आलेला वाघ आपल्या येडशी-रामलिंगच्या अभयारण्यात दिसला, तेव्हा घराघरांत त्याचीच चर्चा होती. वाघाकडे पाहायला कोणी सांगावे लागत नाही. सरड्याकडे पाहायला मात्र सांगावे लागते.

आपण काय करू शकतो?

कायद्यावर सगळे सोपवून चालणार नाही. मोठ्या प्रकल्पांनी पर्यावरणावरील परिणामांचा अभ्यास करावा, असे सांगणारी केंद्र सरकारची 2006 सालची अधिसूचना आहे. तिच्या यादीत पवनचक्क्यांचे प्रकल्प नाहीत, कारण ते स्वच्छ मानले गेले. स्वच्छ आहे म्हणून पाहायचेच नाही, हीच ती चूक, जिच्याविषयी आपण बोलत आहोत. तेव्हा प्रश्न विचारायचे काम ग्रामसभेचे, म्हणजे आपलेच. आपल्या शिवारात पवनचक्की येणार असेल तर भाड्याचा आणि रस्त्याचा प्रश्न जरूर विचारा, तो तुमचा हक्क आहे. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: या माळावर कोणते पक्षी-प्राणी आहेत हे कोणी पाहिले आहे का? खांब थोडे इकडेतिकडे करून माळाचा एखादा सलग तुकडा मोकळा ठेवता येईल का?

हाच प्रश्न आपल्या स्वतःच्या सत्कार्यालाही विचारू या. जून महिन्यात शाळा आणि तरुण मंडळे झाडे लावायला उघड्या माळावर जातात. हेतू उत्तम. पण माळ म्हणजे झाडे तुटलेले जंगल नव्हे. तो माळच आहे, उघड्यावर जगणाऱ्यांचे घर. तिथे दाट झाडे लावली तर त्या घरात आपण दुसऱ्यालाच नेऊन बसवतो. झाडे घराभोवती लावा, चर्चच्या आवारात लावा, बांधावर, ओढ्याकाठी, रस्त्याच्या कडेला लावा. माळावर काही लावण्यापूर्वी एक सकाळ तिथे नुसते बसा आणि तिथे आधीच कोण राहते ते पाहा. मुलांना बरोबर न्या. त्यांच्या हातातला दगड खाली ठेवायला लावा.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते, असे आपण हसून म्हणतो. कुंपण त्याला दुसऱ्याने घातलेले असते. माणसाच्या धावेला मात्र बाहेरून कुंपण नाही. तो डोंगरावर चढतो, वारा बांधतो, जमीन फोडून पाणी वर काढतो. देवाने त्याला ही शक्ती दिली आणि कुंपण त्याच्या विवेकात ठेवले. त्या कुंपणाशी आपण रोज थोडा वेळ थांबलो आणि पलीकडे कोण आहे हे पाहिले, तरी पुष्कळ झाले. त्यानंतर पुढे पाऊल टाकायचे की नाही, हे प्रार्थनेने आणि विचाराने ठरवू.

ज्या पित्याच्या नजरेतून चिमणी सुटत नाही, तो आपल्यालाही तशी नजर देवो.